एक बोट खाली

वृंदा, तुझा चष्मा सापडला.

हॉस्पिटलातून तुझं सामान घरी आणलं तेव्हा पिशवीत टॉवेल होता, कंगवा होता, अर्धी वापरलेली मलमाची ट्यूब होती. चष्मा तेवढा नव्हता. तीन आठवडे मी घर उलथंपालथं केलं. गादीखाली बघितलं, फ्रिजवर बघितलं, एकदा तर कणकेच्या डब्यातही हात घालून बघितला. तुला आता चष्म्याची गरज नाही, एवढी अक्कल मला आहे. पण काहीतरी शोधत असलं की माणसाला नुसतं बसावं लागत नाही.

काल दुपारी तन्वी घाडी तो घेऊन आली. तुझ्या वॉर्डातली ती रेसिडेंट, घाटकोपरची, जिला तू 'कॅमेरा बंद' म्हणायचीस. ती तासभर बसली. ती गेल्यापासून मी हे लिहायला घेतोय आणि सोडतोय, कारण लिहायचं तर पहिल्यांदा कबूल करायला हवं की शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याशी खोटं बोललो. इतक्या वर्षांच्या संसारात तळलेल्या बांगड्यांचा विषय सोडला तर मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही, आणि बांगड्यांचं तुला वासावरून कळायचंच. हे मात्र कळलं नाही. ते पचलं, याचंच मला जास्त लागलंय.

सुरुवातीपासून सांगतो. तुला माहीत आहे तेही सांगतो. घरात बोलायला दुसरं कोणी नाही, आणि तूही आता मधेच "अहो, मुद्द्यावर या" म्हणणार नाहीस.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी कॉलेजने तुला घरी बसवलं. वय साठीला टेकलेलं, त्यात शुगर. वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही, असा लेखी हुकूम आला. तुझ्या हाताखालचे डॉक्टर त्या प्लास्टिकच्या पोशाखात घामाने निथळत होते आणि तू मुलुंडच्या आपल्या गॅलरीत उभी राहून मिठागरांकडे बघत चरफडत होतीस. होस्टेलं रिकामी केलेली. मुलं आपापल्या घरी, कोण मालाडला, कोण घाटकोपरला, कोण पार बीडला. वरून फर्मान, शिकवणं थांबता कामा नये, ऑनलाइन घ्या.

"लेक्चर घेईन हो," तू म्हणालीस, "पण क्लिनिक कसं घेऊ? पेशंटच्या उशाशी उभं राहून शिकायची गोष्ट आहे ती. काठावर बसून पोहणं शिकवू?"

मी पडलो टेलिफोन खात्यातला माणूस. जोडणी म्हटलं की माझे हात शिवशिवतात. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, माळ्यावरची शिडी काढून तिला रबरबँडांनी फोन बांधला, दिवाणावर स्वच्छ चादर घातली. "झालं तुझं हॉस्पिटल तयार," म्हटलं. "आता पेशंट कुठून आणतेस?"

तू माझ्याकडे बघितलंस. चांगलं डोक्यापासून पायापर्यंत बघितलंस.

"सावंत, शर्ट काढा."

एरवी मी 'अहो'. पण त्या दिवसापासून सकाळी साडेआठ वाजले की मी 'सावंत', आणि कॅमेरा सुरू झाला की नुसताच 'पेशंट'. पेशंटची ओळख झाकायची असते, हा तुझा नियम. म्हणून कॅमेरा गळ्यापासून बेंबीपर्यंत. तोंड दाखवायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. शंभरेक मुलांनी माझी छाती दीड वर्ष बघितली, त्यातल्या एकालाही माझा चेहरा माहीत नव्हता. छातीवर उजवीकडे तो काळा डाग, लहानपणी मालवणात काजू भाजताना बी फुटून चीक उडाला होता त्याचा. तू त्यांना सांगितलंस, "ही जन्मखूण नाही, काजू आहे." बास, तेव्हापासून मुलांमध्ये माझं नाव काजू पडलं.

तुला शिकवायचं होतं ते ठोकणं. डावं मधलं बोट छातीवर सपाट दाबून धरायचं आणि उजव्या मधल्या बोटाने त्यावर दोनदा टकटक करायचं. खाली हवा असेल तर आवाज पोकळ, पाणी किंवा मांस असेल तर बद्द. माझ्या छातीवर वरून ठोकत तू खाली यायचीस, आणि काजूच्या डागाखाली बरोब्बर एका बोटावर आवाज बद्द व्हायचा. तिथे माझं लिव्हर सुरू होतं. तू बॉलपेनाने रेघ मारायचीस. मग म्हणायचीस, "पेशंट, श्वास भरून घ्या आणि धरून ठेवा." पुन्हा ठोकायचीस. आता रेघ एक बोट खाली.

"बघितलंत?" तू स्क्रीनला विचारायचीस. "श्वास धरला की लिव्हर खाली सरकतं. घाबरलेला पेशंट श्वास धरूनच बसतो. ते तुमच्या लक्षात आलं नाही तर तुमचं उत्तर चुकलं. आधी माणसाकडे बघा, मग बोटाकडे."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता झोपेत म्हणू शकेन.

पण बघून काय येतंय? मुलांनी स्वतः ठोकायला हवं होतं. "घरातल्या कोणाची तरी छाती ठोका," तू सांगितलंस, तर एकेकाच्या अडचणी निघाल्या. एकाचे वडील विलगीकरण केंद्रात अडकलेले. एक मुलगी गावाकडे मामांकडे, ती कुणाला शर्ट काढायला सांगणार? आणि ती तन्वी, तिचा तर कॅमेराच बंद. "चालू कर." "मॅडम, नेट प्रॉब्लेम आहे." आठवडाभर नेट प्रॉब्लेम. शेवटी तू अशी काही ओरडलीस की तिने कॅमेरा लावलाच.

एक खोली. आई पोळ्या लाटत होती. धाकटा भाऊ दुसऱ्या फोनवर शाळेत बसलेला. वडील लुंगी सावरत भिंतीला चिकटून चौकटीबाहेर व्हायला बघत होते, पण बाहेर व्हायला जागाच नव्हती. मुलीची मान खाली. तू स्क्रीनकडे वाकलीस. मला वाटलं आता माफी मागतेस. पण तुला माफी मागता येत नाही, कधीच आली नाही. तू चष्मा वर केलास आणि तिच्या पाठीमागच्या मांडणीकडे बघत विचारलंस, "तो मोठा डबा कसला गं?"

"तांदळाचा, मॅडम."

"किती भरलाय?"

"माहीत नाही."

"झाकण न उघडता सांग."

ती गोंधळली. तू म्हणालीस, घे तो डबा मांडीवर, बोट ठेव आणि वरून ठोकत ये, आवाज बदलला की थांब. ती थांबली. तिथे तिने आईच्या केसांचा रबर अडकवला आणि झाकण उघडून बघितलं. दोन बोटांचा फरक होता. तू टाळ्या वाजवल्यास. मी दिवाणावर उघडा बसलो होतो, नियम मोडून मीही वाजवल्या.

मग पुढचा महिनाभर तुझे विद्यार्थी घराघरांत डबे बडवत बसले. तांदूळ, ज्वारी, पोहे, साखर. बीडच्या त्या पोराने गॅसचा सिलेंडर ठोकला आणि आईला सांगितलं, उद्या संपणार. संपला. त्या माउलीने फोनवर येऊन तुला सांगितलं, "म्याडम, पोरगं डागदर झालं बगा." तू किती हसली होतीस! नंतर छातीत पाणी झालेल्या पेशंटचा एक्स-रे दाखवलास की सगळी बॅच एका सुरात म्हणायची, "डबा भरलाय."

आणि आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं, वृंदा. मी म्हणायचो, हे टकटक करण्यात आता काय राम आहे? खिशात मावणारं सोनोग्राफीचं मशीन निघालंय, लावलं की आत काय आहे ते दिसतं. आम्हीही एकेकाळी खांबावर चढून तारेला कान लावायचो, कुठे बिघाड आहे ते खरखरीवरून सांगायचो. काय झालं त्या कानांचं? तार गेली, कानही गेले. जगाचं काही अडलं का? तू चिडायचीस. "मशीन पेशंटला हात लावत नाही, सावंत," म्हणायचीस. मी म्हणायचो, हात लावून कोणाचं पाणी कमी झालंय? मग तू कांदा चिरायला घ्यायचीस, आणि कांदा फार बारीक व्हायचा.

खरं सांगू? मी तुला चिडवायला बोलायचो. मला मनातून काय वाटत होतं ते मी तुला कधी सांगितलंच नाही. आपल्याला मूलबाळ नाही. तू सकाळी सातला जायचीस, रात्री थकून यायचीस, सुट्टीच्या दिवशी पेपर तपासायचीस. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा-बायको एकमेकांना हात कधी लावतात? औषधाची गोळी देताना. जिना उतरताना. आणि ते दीड वर्ष, जेव्हा बाहेर कोणी कोणाच्या दोन हात जवळ जात नव्हतं, तेव्हा रोज सकाळी साडेआठला तू माझ्या छातीवर हात ठेवत होतीस. आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचीस, कारण थंड हाताने पेशंट दचकतो. मला ते मुलांसाठी आहे हे कळत होतं. तरी मी आदल्या रात्री शर्ट इस्त्री करून ठेवायचो, दहा मिनिटांत काढायचा असला तरी.

मग कॉलेज उघडलं. मला कोणी सांगितलं नाही, म्हणजे सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. साडेआठला मी दिवाणावर शर्ट काढून तयार. तू पर्स घेऊन आतून आलीस, चपला घातल्यास आणि म्हणालीस, "अहो, पंखा जोरात आहे, सर्दी होईल." आणि गेलीस. मी पंखा बंद केला. शर्ट घातला. इस्त्रीचं टेबल मिटून ठेवलं.

तुझी स्वतःची काळजी वेगळीच होती. ती बॅच तोवर दुसऱ्या विभागांत गेली होती, वर्षभरात तू निवृत्त झालीस आणि ती तुझ्या हातून सुटली, प्रत्यक्ष भेट न होता. "एका बाजूने भाजलेली भाकरी आहे ती," तू जेवताना म्हणायचीस. "उद्या कोणाच्या तरी ताटात जाईल, आणि दोष माझ्याकडे येईल." मी म्हणायचो, तू तव्यावर घातलीस एवढं बस की. तुला पटायचं नाही. पेपरात कुठल्याही तरुण डॉक्टरची चूक छापून आली की तू आधी त्याचं वय मोजायचीस, आपल्या बॅचचा तर नाही ना म्हणून. ही काळजी तू शेवटपर्यंत सोडली नाहीस.

आणि मग तूच त्या ताटापाशी गेलीस. आजाराचं नाव लिहीत नाही, त्याने तुला पुरेसं छळलंय. तुझ्याच कॉलेजचं हॉस्पिटल, तुझाच जुना वॉर्ड, छातीत उजवीकडे पाणी. सकाळी राउंडला मास्क लावलेली एक मुलगी आली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग मॅडम." तू डोळेही न उघडता म्हणालीस, "काय गं, नेट प्रॉब्लेम मिटला का?" ती मुलगी मास्कच्या वर कानापर्यंत लाल झाली. तू तिला आवाजावरून ओळखलंस. आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतात तुम्ही.

तन्वी रोज यायची. खिशातून ते छोटं मशीन काढायची, तुझ्या पाठीला लावायची, पडद्यावर बघायची, फाइलीत लिहायची, मान खाली घालून जायची. ठोकलं मात्र एकदाही नाही. मी खुर्चीत बसून तिच्या बोटांकडे बघत असायचो. माझ्या बाजूने निकाल लागला होता म्हण ना, मशीन जिंकलं होतं. मला जराही आनंद झाला नाही.

तू औषधाच्या गुंगीत असायचीस, तुला कळायचं नाही कोण आलं, काय करून गेलं. एक दिवस संध्याकाळी जराशी हुशारी आली तेव्हा विचारलंस,

"सावंत, तन्वीने ठोकून बघितलं का?"

"हो," मी म्हणालो.

"कुठपर्यंत निघालं?"

"खांद्याच्या पात्याच्या टोकापर्यंत."

"बोट नीट दाबलं होतं?"

"अगदी तुझ्यासारखं."

तू हसलीस. त्या आठवड्यात एकदाच हसलीस. "म्हणजे भाजली म्हणायची," म्हणालीस, आणि कुशीवर वळलीस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

तेव्हापासून मला हेच खातंय. मी चांगलं केलं की तुला फसवलं? जन्मभर ज्या बाईने 'अंदाजे' हा शब्द पेशंटच्या फाइलीत लिहू दिला नाही, तिला मी तिच्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाचं बनावट उत्तर दिलं. त्या तन्वीचा तर मला असा राग आला होता. दोन टकटक. एवढंच तर करायचं होतं पोरीने.

स्मशानात लोक खांद्यावर हात ठेवून गेले. त्यानंतर घरी आले ते लांबूनच नमस्कार करून बसले, चहा घेतला, उठले. माणसं चांगली आहेत, त्यांना दोष नाही. पण बाईचा नवरा गेला की शेजारणी येऊन तिला मिठी मारून रडतात तसं पुरुषाच्या बाबतीत होत नाही. त्याला सगळे "काळजी घ्या" म्हणतात. दूध दाराच्या पिशवीत येतं, पेपर कडीत खोचलेला असतो, वाणसामान तो मुलगा उंबऱ्यावर ठेवून बेल मारून लिफ्टमध्ये शिरतो. परवा रिक्षावाल्याने सुटे दिले तेव्हा त्याचं बोट तळव्याला लागलं, आणि मी घरी येईपर्यंत मूठ मिटून ठेवली होती. हे लिहिताना लाज वाटते. पण तुला नाही सांगायचं तर कोणाला?

काल दुपारी बेल वाजली. तन्वी. मास्क नव्हता, त्यामुळे मी आधी ओळखलंच नाही.

"काका, मॅडमचा चष्मा. लॉकरच्या मागे पडला होता. सिस्टरना सफाईत मिळाला."

मी चष्मा घेतला, तिला आत बोलावलं. ती दिवाणाच्या कडेवर बसली. मी चहाचं आधण ठेवलं आणि परत आलो, आणि माझं तोंड तुला माहीत आहे. सरळ विचारलं, "तू मॅडमना ठोकून का नाही बघितलंस गं?"

पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी असं कोणी विचारतं का? पण विचारून बसलो.

तिचे डोळे भरले. "काका, रोज ठरवून यायचे. आज ठोकणारच. आणि मॅडम दिसल्या ना, की... सॉरी, पण फाटायची माझी."

"म्हणजे तू कोणालाच ठोकत नाहीस?"

"सगळ्यांना ठोकते! सोनोच्या आधी ठोकते. पेनने मार्क करते, मग मशीनने चेक करते. वॉर्डात हसतात मला. सिस्टर लोक म्हणतात, आली डबेवाली."

"मग मॅडमनीच काय घोडं मारलं होतं?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम एकदा क्लासमध्ये बोललेल्या. व्हायवा बेकार झाल्या होत्या सगळ्यांच्या, त्या दिवशी पेशंट नव्हता. तुमची बॅच म्हणजे एका बाजूने भाजलेली भाकरी. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नावच ते आहे, 'कच्ची भाकरी'. हसतो आम्ही त्याच्यावर. पण मॅडमच्याच पाठीवर माझा हात चुकला असता ना काका, तर ते खरं झालं असतं. त्यांच्यासमोर. म्हणून मशीन लावलं नि सुटले."

वृंदा, हे तू त्यांच्या तोंडावर बोलली होतीस? मला वाटत होतं ते वाक्य आपल्या जेवणाच्या टेबलाबाहेर गेलेलं नाही. वीस वर्षांची पोरं, एका खोलीत चार माणसांत बसून डबे ठोकणारी, त्यांना तू असं म्हणालीस! तुझी काळजी मला माहीत होती, पण त्यांना काळजी दिसली नाही गं, टोमणा दिसला. तो त्या पोरीने पाच वर्षं जपून ठेवला, आणि नेमका तुझ्या उशाशी आल्यावर तिचा हात धरला. आज तू असतीस तर मी तुझ्याशी कडाकडा भांडलो असतो. तू कांदा घेतला असतास तर सुरी काढून घेतली असती. एवढा राग आला, आणि राग काढायला समोर तुझा चष्मा.

चहा उतू गेला. मी जाऊन गॅस बंद केला, बाहेर येऊन शर्टाची बटणं काढायला लागलो.

ती घाबरून उभी राहिली. "काका?"

"हात धुऊन ये. लिव्हर काढून दाखव."

शर्ट उतरला आणि तिच्या तोंडून किंकाळीच फुटली. "अय्या, काजू! काका, तो पेशंट तुम्ही होतात?"

"मग कोण?"

"आम्हाला वाटायचं, कॉलेजचे शिपाई आहेत."

"शिपाई?"

"नाही म्हणजे... कधी काही बोलायचेच नाहीत ना."

तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी दिवाणावर आडवा झालो, त्याच जागी, डोकं गॅलरीच्या बाजूला. पंखा बंद केला. ती हात धुऊन आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मग तिने दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले. बराच वेळ चोळले, गरम होईपर्यंत. हे तिने कुठे बघितलं असणार ते मला विचारावं लागलं नाही.

तिचं डावं बोट माझ्या छातीवर टेकलं.

टकटक. पोकळ. एक बरगडी खाली, टकटक. पोकळ. ती माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत ऐकत होती. काजूकडेही बघत नव्हती, उत्तर तिथे लिहिलेलं आहे हे तिलाही माहीत असणार. टकटक. टकटक. मग आवाज बद्द झाला. तिने पर्समधून पेन काढलं, रेघ मारली. "इथे, काका."

मी मान उचलून बघितलं. तुझ्या नेहमीच्या रेघेच्या एक बोट खाली.

चुकली, असं मनात आलं. एकच परीक्षा, परीक्षक मी, उत्तर जगात फक्त मला माहीत, आणि पोरगी एका बोटाने नापास. मी तिला काय सांगणार होतो? परत खोटं बोलणार होतो का?

पण ती हलली नाही. तिची नजर आता रेघेवर नव्हती, माझ्या तोंडावर होती. तिने पेन बाजूला ठेवलं आणि पूर्ण तळवा माझ्या छातीवर ठेवला.

"काका, तुम्ही श्वास धरलाय."

मला कळलंच नव्हतं. तिचं पहिलं बोट टेकलं तेव्हापासून मी श्वास धरून पडलो होतो.

"सोडा ना," ती म्हणाली. "काका, सोडा. काही होत नाही."

सोडला. आणि श्वासाबरोबर जे काय आलं ते सगळं आलं. तू गेल्यावर मी रडलो नव्हतो, लोकांना त्याचं नवल वाटत होतं. काल मी त्या पोरीसमोर, उघडा, दिवाणावर पडून भोकाड पसरून रडलो. तिने हात काढला नाही. घड्याळात बघितलं नाही. माझा श्वास नीट चालायला लागेपर्यंत तशीच उभी राहिली, मग पुन्हा वरून ठोकत खाली आली, आणि दुसरी रेघ मारली. काजूखाली एक बोट. जिथे तू मारायचीस तिथे.

"आता बरोबर," ती स्वतःशीच म्हणाली. मला विचारलंही नाही.

नंतर आम्ही परत चहा केला. ती बिस्किटं खाताना डब्यांबद्दल बोलत होती, आईने तांदळाच्या डब्याला अजून तो केसांचा रबर लावून ठेवलाय म्हणे. जाताना वाकून नमस्कार करायला लागली, मी करू दिला नाही, डोक्यावर हात ठेवला. ग्रुपचं नाव बदला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "नाही काका, ते मॅडमनी दिलंय." लिफ्ट येईपर्यंत मी दारात उभा होतो.

चष्मा तुझ्या टेबलावर ठेवलाय, काचा पुसून. माझ्या शर्टाच्या आत दोन रेघा आहेत. आज अंघोळ करताना तेवढी जागा सोडून पाणी घेतलं. तू असतीस तर ओरडली असतीस, साबण लावा म्हणून. उद्या लावीन.

आता त्या संध्याकाळी विचारलंस तसं परत एकदा विचार. तन्वीने ठोकून बघितलं का?

हो गो, बघितलं. पहिल्यांदा एक बोट खाली निघालं, पण चूक तिची नव्हती. श्वास मी धरला होता.